सतराव्या बारमधला अंगठा

सोमवार, ३

परीक्षा मंडळाचं पाकीट आलं. आत पियानोचा एकच तुकडा, नाव ‘होडी’, चार पानं, आणि सचिवांची चिठ्ठी. ‘बाई, यावर वाद चालू आहे. काही शिक्षक म्हणतात पाचव्या ग्रेडला जड आहे, काही म्हणतात चौथीची मुलंही वाजवतील. तुमचा आकडा आला की तोंडं बंद होतील. महिनाअखेरपर्यंत कळवा.’

तुमचा आकडा आला की तोंडं बंद होतील! हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “ऐकलं.” म्हणजे आधी एकदा दाखवलं होतं वाटतं. दाखवलं तर दाखवलं. चांगलं वाक्य दोनदा ऐकलं तर कान झिजत नाहीत.

बाकीचे परीक्षक कागद बघून ग्रेड सांगतात. काळ्या पट्ट्या किती, उड्या किती, वेग किती, झालं. सव्वीस वर्षांत मी एकदाही तसं केलं नाही. मी तुकडा स्वतः बसवते. रोज सकाळी दहा ते अकरा, एकच तास. ज्या दिवशी लागोपाठ तीनदा एकही चूक न होता वाजतो, त्या दिवशी थांबते आणि दिवस मोजते. पाच दिवस लागले तर पाचवी, सात लागले तर सातवी. आठाच्या वर गेला तर तो परीक्षेचा तुकडाच नव्हे. सचिव याला ‘बाईंची फूटपट्टी’ म्हणतात. फूटपट्टी आजवर चुकलेली नाही.

दिसायला ‘होडी’ पाचवीचा वाटतो. डावा हात सहा-सहा मात्रांत झुलतो, उजवा वर निवांत गातो. उद्यापासून सुरू.

मंगळवार, ४

पहिला दिवस. पहिलं पान गुळगुळीत. दुसऱ्यावर हात अडखळला, पण ते पहिल्या दिवशी व्हायचंच.

दुपारी टकळी आली. ही माझी शेवटची विद्यार्थिनी, वय सोळा, तोंडाला कुलूप नाही म्हणून हे नाव. पुढच्या महिन्यात तिची पाचवीची परीक्षा आहे आणि तिनेही हाच तुकडा निवडलाय. मी म्हटलं, “अगं, याचा आकडा अजून माझ्याकडे आहे. मंडळाने वर चढवला तर तुझी पंचाईत होईल.” ती म्हणाली, “बाई, तुम्ही पाचच द्याल. मला माहितीये.” आगाऊ कुठली.

बुधवार, ५

दुसरा दिवस, आणि आज चोर सापडला. सतराव्या बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या त्या सतराव्या तुकड्यात, डावा हात खाली उतरतो तेव्हा अंगठा बोटांखालून सरकवावा लागतो. कुठलं बोट कुठे, याचे आकडे छापलेले आहेत, पण छापणाऱ्याने तिथे तिसरं बोट सांगितलंय. तिसऱ्याखालून अंगठा नेला की हात आखडतो आणि पुढचे सहा स्वर गडबडतात. तिथे चौथं बोट घ्यायचं. चौथं घेतलं की दार उघडल्यासारखा हात मोकळा होतो. पेन्सिलीने तीन खोडून चार लिहिला. फार बरं वाटलं. अशी एखादी जागा सापडली की या कामाचं सार्थक होतं.

शुक्रवार, ७

चौथा दिवस. दोनदा लागोपाठ स्वच्छ. तिसऱ्यांदा तिसऱ्या पानावर घसरलं. उद्या होणार. म्हणजे पाचवीच. मी म्हटलंच होतं.

ह्यांना एक नवं खूळ लागलंय. नकाशे काढणाऱ्या खात्यात जन्म गेला, आता निवृत्तीनंतर घरालाच नकाशा समजायला लागलेत. डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटांवर चिठ्ठ्या, ‘चहा’, ‘औषधं’, ‘जुन्या वह्या’, सगळं त्या टोकदार नकाशाच्या अक्षरात. आज गॅसच्या बटणाशीही एक चिकटवली, ‘बंद केला का?’ मी म्हटलं, “उद्या माझ्या कपाळावर ‘बायको’ लिहा.” हसले नाहीत. ह्यांचं वय व्हायला लागलं. हल्ली तीच तीच गोष्ट दोनदा सांगतात आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड केलं नाही तर बघत राहतात.

सोमवार, १०

शनिवार-रविवार लेक आली होती, पियानोला हात लागला नाही. म्हणून आज पाचवा दिवस.

आज एक गंमत सापडली. सतराव्या बारमध्ये छापील बोट चुकीचं आहे! तिसरं दिलंय, हवं चौथं. इतके दिवस हात का आखडतोय ते कळत नव्हतं. पेन्सिलीने चार लिहायला गेले तर तिथे आधीच कुणीतरी चार लिहून ठेवलाय. टकळीचा प्रताप. माझ्या प्रतीत लिहायची हिंमत बघा. आणि अक्षर तरी किती माझ्यासारखं काढते!

पूर्ण एकदाही वाजला नाही. म्हणजे सहावी.

बुधवार, १२

सातवा दिवस. पहिल्या पानावरच चुकले. पहिल्या! शुक्रवारी जे लोण्यासारखं चाललं होतं ते आज हाताला ओळख देईना. दोन तास बसले, नियम मोडून. हे दारात येऊन उभे राहिले आणि चहा ठेवून गेले. मला तो चहा फेकावासा वाटला.

टकळीला सांगितलं, “हा तुकडा सोड. हा सातवीचा आहे. पाचवीच्या परीक्षेत चालणार नाही.” ती सरळ पियानोशी बसली आणि ‘होडी’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. स्वच्छ. सतराव्या बारला अंगठा असा सरकला की दिसलाही नाही.

मी म्हटलं, “तुला आला म्हणून सोपा झाला का?”

ती रडायला लागली. “बाई, तुम्हीच शिकवलात ना हा. मागच्या पावसाळ्यात. त्या चौथ्या बोटाचं तुम्हीच सांगितलंत.”

पोरी खोटं बोलायला लागल्या की आधी डोळ्यांत पाणी आणतात. मी तिला घरी पाठवलं.

शनिवार, १५

दोष पियानोचा आहे, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. खालच्या पट्ट्या जड झाल्यात. ट्यूनरला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत डोकावला, मग ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणाला, “बाई, मी मागच्याच शनिवारी येऊन गेलो. तारा उत्तम आहेत.” मी त्याला सुनावलं, काम टाळायचं तर सरळ सांग, माझ्या घरात उभं राहून मला खुळ्यात काढू नकोस. बिचारा पट्ट्यांवरची धूळ पुसून गेला. जाताना हे त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ बोलत उभे होते. माझ्याच दारात माझ्याविषयी.

किती दिवस झाले? नऊ लिहिलंय वहीत. मला आठ वाटत होते.

सोमवार, १७

आज सतराव्या बारमध्ये बघितलं, कुणीतरी चारचा आकडा गिरवून गिरवून इतका काळा केलाय की कागद फाटायला आलाय. असं कोण करतं? आणि त्यांचंच बरोबर आहे म्हणा. तिथे चौथंच बोट हवं.

मला भीती वाटते. ही गोष्ट मी ह्यांना सांगणार नाही, इथे लिहिते. मध्यम दर्जाचा, शाळकरी पोरांचा चार पानांचा तुकडा, आणि माझ्या हाताला येत नाही.  पियानोच्या खोलीत जायचं म्हटलं की परीक्षेला निघाल्यासारखे पाय जड होतात. माझ्यापाशी दुसरं काय आहे? स्वयंपाक मला कधी धड आला नाही, माणसांशी गोड बोलता आलं नाही. आकडा बरोबर सांगता येत होता.

मंगळवार, १८

सचिवांना फोन केला. म्हटलं, “लिहून घ्या. आठवी. खरं तर आठवीच्याही वर.”

सचिव हसले. मग म्हणाले, “बाई, थट्टा करताय ना?”

“मी कधी थट्टा केली आहे का?”

“अहो, हा तुकडा एकोणीस वर्षं पाचवीत आहे. पाच तुम्हीच दिला होतात. म्हणून तर परत तुमच्याकडे पाठवला.”

मी म्हटलं, तुमच्या दप्तरात घोळ आहे, हा तुकडा मी जन्मात पाहिला नव्हता. फोन ठेवला. ठेवला कसला, आदळला. रागाने.

बुधवार, १९

कपाटावर ‘जुन्या वह्या’ अशी चिठ्ठी आहे, म्हणून सापडली. माझी दिवस मोजायची वही, एकोणीस वर्षांपूर्वीची. सचिवांना तोंडावर दाखवावी म्हणून काढली होती.

‘होडी. चार पानं. पाच दिवस. पाचवी. सतराव्या बारमध्ये छापील तीन चुकीचा, चार घ्यावा. हात मोकळा होतो. मजा आली.’

अक्षर माझं. शाई माझी.

मग ही दैनंदिनी काढून मागची पानं वाचली. बुधवार पाच, चोर सापडला. सोमवार दहा, गंमत सापडली. तो चारचा आकडा गिरवणारं कोण, तेही कळलं. एकेका पानावर ही बाई किती खूष आहे! त्याच दगडाला रोज ठेचकाळते आणि रोज सोनं सापडल्यासारखी नाचते. मला तिची शिसारी आली. आणि त्या पोरीला मी खोटारडी म्हटलं.

मी जमिनीवर बसून राहिले. हे आले, माझ्या हातात वही बघितली आणि माझ्याशेजारी खाली बसले. गुडघे दुखतात तरी बसले.

शुक्रवार, २१

डॉक्टरीणबाई तरुण आहे, बोलायला बरी. तीन शब्द सांगितले, म्हणाली थोड्या वेळाने विचारीन. मग इकडचं तिकडचं बोलली आणि विचारले. मी सांगितले. गाडी, लिंबू, आणि तिसरा अगदी फालतू शब्द होता. तिने काहीतरी टिपलं. बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, “तीनपैकी दोन. पास व्हायला पुरेत.” हे हसले. रस्त्यात माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, भर रस्त्यात कधी धरला नव्हता.

रविवार, २३

ह्यांना विचारलं, “किती दिवस झाले?”

“वर्ष होईल.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“सांगितलं गं,” हे म्हणाले. “तीन वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडलीस. मग मीच ठरवलं, आता नाही सांगायचं.”

मी म्हटलं, “आणि मी लिहितेय, हे म्हातारे झाले, तेच तेच सांगतात.” वाचूनच दाखवलं त्यांना ते पान. दोघं हसत सुटलो. मग माझं हसू थांबेना, आणि ते हसू राहिलं नव्हतं.

मला हे नको आहे. हात मोडला असता तर चाललं असतं. हाताला प्लास्टर घालतात, लोक येऊन बसतात, महिन्याने काढतात. इथे कशाला काय बांधणार? आज कळलेलं उद्या मला कळलेलं असेल का, हेही मला माहीत नाही. देवा, निदान ही भीती तरी विसरू दे, विसरायचंच असेल तर.

सोमवार, २४

टकळीला बोलावून घेतलं. आधी इथून वाचून घेतलं, काय काय बोलायचं ते. मग सांगितलं, “तू खोटं बोलली नव्हतीस. माझं चुकलं. मला आजार आहे, आणि माझा आकडा आता भरवशाचा नाही.”

ती म्हणाली, “मग सचिवांना जुनाच पाच सांगा ना. तो तुमचाच आहे.”

“तो त्या बाईचा आहे. ती पाच दिवसांत बसवायची. मंडळाने आजचा आकडा मागितलाय.”

“मग मी मोजते, तुम्ही फक्त…”

“फूटपट्टी उसनी देता येत नाही गं.”

ती मग उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “परीक्षेला या तरी. नाही आलात तर मी आत जाणारच नाही.” धमक्या द्यायला कुणी शिकवलं हिला? मीच असणार.

सचिवांना पत्र लिहिलं. आठवी रद्द समजावी, दुसरा आकडा मी देऊ शकत नाही, यापुढे मला तुकडे पाठवू नयेत. एवढ्या तीन ओळींना पूर्ण सकाळ गेली. पाकिटात घालायच्या आधी ह्यांना दाखवलं, म्हटलं, आज पहिल्यांदाच लिहितेय ना हे? हे म्हणाले, “पहिल्यांदाच.” खरं सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, कोण जाणे.

गुरुवार, २७

सचिवांचा फोन. पत्र मिळालं, पण तुकडे पाठवायचं बंद करू असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “परीक्षा नऊ तारखेला आहे. तोवर रकाना रिकामा ठेवतो. बाकी कुणाच्या आकड्याने इथे वाद मिटायचा नाही, बाई.” भला माणूस. मी म्हटलं, रिकामाच राहील.

दहा वाजता सवयीने खोलीत गेले. झाकण उघडलं नाही. स्टुलावर बसून अकरा वाजवले.

सोमवार, ३१

चांगला दिवस. सगळं आठवतंय, आणि म्हणूनच वाईट दिवस.

शनिवार, ५

स्टुलावर कुणीतरी शाल ठेवलीय. पियानो बंद का असतो हल्ली? ह्यांना विचारलं तर म्हणाले, उघड की. उघडला. थोडं इकडचं तिकडचं वाजवलं. डावा हात कसलं तरी झुलतं वाजवत होता, सहा सहा मात्रांत. कुठलं ते आठवेना. बरं होतं.

बुधवार, ९

आज टकळीची परीक्षा. हे मला घेऊन गेले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, बाकावर मुलं मांडीवर बोटं नाचवत बसलेली. आमच्या टकळीचा नंबर अजून यायचा असावा, कारण दिसली नाही.

आत कुणीतरी वाजवत होतं. दार लावलेलं, तरी स्वच्छ ऐकू येत होतं. मी हा तुकडा कधी ऐकलेला नाही. डावा हात झुलतो, उजवा वर निवांत गातो. मी ह्यांना कोपराने ढोसलं, “छान आहे. साधा वाटतो, पण दुसऱ्या पानावर मेख असणार. पाच दिवसांचं काम आहे हे. एक कमी नाही, एक जास्त नाही.”

हे माझ्याकडे वळले. “म्हणजे कितवी?”

“पाचवी. त्यात विचारायचं काय?”

“नक्की? चौथी नाही? सहावी नाही?”

“सव्वीस वर्षं आकडे देतेय मी. आजवर चुकलेय का?”

हे म्हणाले, “नाही. कधीच नाही.” आणि खिशातून फोन काढून घाईघाईने बोळाच्या टोकाला गेले, सचिवांना काहीतरी सांगायचंय म्हणाले. आले तेव्हा डोळे लाल होते. त्या बोळात धूळ फार आहे.

मग दार उघडलं आणि आतून टकळीच आली, आणि मला मिठीच मारली. मी म्हटलं, “अगं, तुझं झालं कधी?” तिने मिठी आणखी घट्ट केली.

एक सांगायचं राहिलं. तो तुकडा ऐकताना दुसऱ्या पानाच्या सुमाराला माझ्या डाव्या हाताचा अंगठा मांडीवर आपोआप बोटांखालून सरकला. तिसऱ्या नव्हे, चौथ्या. तिथे छापील आकडा काय आहे कुणास ठाऊक, पण चौथंच हवं, मग हात मोकळा होतो. टकळीला उपयोगी पडेल. विसरायच्या आत लिहून ठेवलं.